चित्रांच्या बाजारात आपले दुकान

आठवड्याच्या बाजारात पेरूंची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला जाहिरात कशी करावी, हे कोणी शिकवावे लागत नाही. ती फळे पुसून घेते, चांगली फळे वरच्या थरात मांडते, एखादे कापून आतला गर दाखवते, विचारण्यापूर्वीच भाव सांगते आणि ओळखीचे गिऱ्हाईक दिसले की त्याच्या घरच्या मंडळींची विचारपूस करते. मोबाइलच्या पडद्यावर चित्रे दाखवून माल विकण्याची जी रीत अलीकडे रूढ झाली आहे, तिचे बहुतेक सारे शास्त्र या टोपलीत सामावलेले आहे. फरक एवढाच की टोपली आसपासच्या चार वाड्यांना दिसते, आणि चित्र बेळगावात, मडगावात, पुण्यात व बडोद्यात एकाच वेळी दिसू शकते.

आपल्या घराघरांतून लहानसहान उद्योग चालतात. कोणी नाताळचा फराळ करून देते, कोणी लोणची व मसाले, कोणी शिवणकाम करते, कोणी क्रोशाचे विणकाम, कोणी मातीची भांडी घडवते, तर कोणी फुलांची रोपे विकते. हात चांगला असतो, माल चोख असतो. पण त्याची कीर्ती गावाची वेस ओलांडीत नाही. अशा घरांतील तरुण मुले हल्ली म्हणतात, “इन्स्टाग्रामवर टाकू या.” आणि वडीलमंडळींना प्रश्न पडतो की यात शिरावे की नाही, आणि शिरायचे तर कोणत्या पायरीने. या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

एका घराची हकीकत

खानापूर तालुक्यातील एका गावी आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. घरची बाई दर हिवाळ्यात पेराड व दोदोल करते. कित्येक वर्षे तिचा सारा माल शहरातील एक दुकानदार उचलीत असे. वृद्धापकाळामुळे त्याने दुकान बंद केले, आणि त्या वर्षी नाताळ तोंडावर आला तरी बारा किलो पेराड डब्यांतून तसेच पडून राहिले. साखर उधारीवर आणलेली होती. मुलीच्या कॉलेजची फी जानेवारीत भरायची होती.

मुलीनेच मोबाइल हाती घेतला. तिने इन्स्टाग्रामवर खाते उघडले, पेराडाच्या वड्या एका सुंदर बशीत मांडल्या आणि छायाचित्र घेतले. परंतु चित्रात वड्यांचा रंग तिला मळकट वाटला. मोबाइलमध्ये रंग खुलवण्याची सोय असते. तिने ती वापरली, आणि तपकिरी वड्या माणकासारख्या लाल दिसू लागल्या. आठवड्याभरात पंधरा जणांनी मागणी केली. घरात आनंदीआनंद झाला.

मग पुण्याहून एका बाईंचा निरोप आला: “हा माल चित्रातला नव्हे. आम्ही पाहुण्यांसाठी मागवला होता.” सोबत त्यांनी डब्याचे छायाचित्र धाडले होते. आईने ते दोन वेळा पाहिले. ती मुलीला रागावली नाही, एवढेच म्हणाली, “तीस वर्षांत माझ्या पेराडाला कोणी खोटे म्हटले नव्हते.” त्याच संध्याकाळी तिने पुण्याचे पैसे परत पाठवायला लावले.

दुसऱ्या दिवशी मायलेकींनी नवे छायाचित्र घेतले. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पाट ठेवला, त्यावर वड्या मांडल्या आणि वडी कापणारा आईचा हातही चित्रात येऊ दिला. रंग जसा होता तसा ठेवला. खाली लिहिले की यात बाहेरचा रंग घातलेला नाही. पांढऱ्या गराच्या पेरूचे पेराड तपकिरी होते आणि गुलाबी गराच्या पेरूचे लालसर. जुने चित्र त्यांनी काढून टाकले आणि उरलेल्या चौदा गिऱ्हाइकांना स्वतःहून खरी गोष्ट कळवली. त्यांपैकी तिघांनी पैसे परत मागितले, अकरांनी माल ठेवून घेतला, आणि पुढच्या हिवाळ्यात त्या अकरांतील आठ जणांनी पुन्हा मागणी केली. पुण्याच्या बाईंनी मात्र पुन्हा काही लिहिले नाही.

ही हकीकत आम्ही मुद्दाम आरंभी सांगितली. कारण या बाजाराची सारी सोय व सारा धोका हिच्यात आहे. येथे गिऱ्हाइकाला माल हाताळता येत नाही, चाखता येत नाही, हुंगता येत नाही. तो फक्त पाहतो. त्यामुळे आपले चित्र हाच आपला शब्द होय, आणि शब्द पाळावा लागतो.

हे माध्यम कसले आहे

इन्स्टाग्राम ६ ऑक्टोबर २०१० रोजी अमेरिकेत सुरू झाले. केव्हिन सिस्ट्रॉम व माइक क्रीगर या दोघांनी ते तयार केले, आणि २०१२ साली फेसबुक कंपनीने ते विकत घेतले. प्रथम तेथे केवळ चौकोनी छायाचित्रे ठेवता येत. २०१६ साली ‘स्टोरी’ आली. हे चित्र २४ तास दिसते व मग आपोआप नाहीसे होते. त्याच वर्षी व्यापाऱ्यांसाठी निराळ्या खात्याची सोय झाली. आपल्या देशात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने ‘रील’ नावाची छोटी चलच्चित्रे येथे सुरू केली. याखेरीज व्हॉट्सॲपने जानेवारी २०१८ मध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळे ॲप काढले. त्यात मालाची यादी चित्रांसह व किमतीसह मांडून ठेवता येते.

तेव्हा सोय अशी की इन्स्टाग्राम ही आपल्या दुकानाची दर्शनी बाजू, आणि व्हॉट्सॲप हा आतला गल्ला. अनोळखी माणूस प्रथम चित्र पाहतो; आवडले तर बोलणे व्हॉट्सॲपवर होते. दोन्हींवर खाते उघडण्यास पैसे पडत नाहीत. एकाच वेळी चार-पाच माध्यमांवर धावू नये. एक नीट चालवून दाखवावे. दुसऱ्याचा विचार मग करावा.

आरंभ कसा करावा

खाते घरातील मोठ्या माणसाच्या नावे व त्याच्याच मोबाइल क्रमांकावर उघडावे. १३ वर्षांखालील मुलाला तर तेथे खाते काढण्याची मुभाच नाही; आणि मूल त्याहून मोठे असले तरी पैशाचा व्यवहार त्याच्या नावावर असू नये. मुलाने शिकवावे, जबाबदारी वडिलांनी घ्यावी.

खात्याचे नाव साधे, उच्चारायला सोपे व लिहायला निःसंदिग्ध असावे. त्यात मालाचा किंवा गावाचा उल्लेख असल्यास उत्तम. खाते ‘व्यावसायिक’ प्रकारचे करून घ्यावे, म्हणजे आपला दूरध्वनी क्रमांक देता येतो आणि कोणते चित्र किती जणांनी पाहिले याचा आकडाही कळतो. नावाखाली ओळख लिहिण्यास केवळ १५० अक्षरांची जागा मिळते. “स्वप्ने साकार करणारे हात” अशी वाक्ये तेथे लिहून ती जागा वाया घालवू नये. काय मिळते, कोठून मिळते, कोठवर पोचवता, मागणी कशी नोंदवावी, या चार गोष्टी लिहाव्यात.

दुकानात माल नसताना कोणी दार उघडून बसत नाही. त्याचप्रमाणे चांगली नऊ छायाचित्रे तयार झाल्यावाचून खात्याचा गवगवा करू नये. नऊ चित्रांनी पडदा भरतो आणि पाहणाऱ्याला वाटते की येथे खरोखर काम चालते. या नवांत तीन चित्रे तयार मालाची असावीत, तीन काम चालू असतानाची, आणि उरलेली तीन माणसांची व जागेची: पेरूचे झाड, चुलीवरचे भांडे, काम करणारे हात. लोकांना वस्तू तर हवीच असते. परंतु ती कोणी व कशी केली, हे पाहण्याचीही त्यांना मोठी हौस असते. कारखान्याला हे दाखवणे अवघड जाते. घरगुती उद्योगाला ते सहज साधते.

छायाचित्र घेताना

महाग मोबाइल लागत नाही. प्रथम त्याची काच मऊ फडक्याने पुसावी. तेलकट बोटांनी ती धूसर होते, आणि निम्मी वाईट छायाचित्रे याच एका कारणाने वाईट येतात. दिवा लावून चित्र घेण्यापेक्षा खिडकीचा उजेड बरा. सकाळी किंवा उतरत्या दुपारी वस्तू खिडकीच्या कडेला ठेवावी, म्हणजे उजेड एका बाजूने येतो आणि वस्तूचा उठाव दिसतो. भर दुपारच्या उन्हात काळ्या सावल्या पडतात. सावलीची बाजू फारच काळवंडली, तर तिकडे एक पांढरा कागद उभा धरावा. उजेड परतून त्या बाजूवर पडतो.

मागची बाजू साधी असावी. जुना लाकडी पाट, स्वच्छ सुती कापड, शेणाने सारवलेली जमीन यांसारखी शोभा विकत आणलेल्या प्लॅस्टिकच्या फुलांना येत नाही. वाळत घातलेले कपडे, उष्टी भांडी, उघडी कपाटे चित्रात येऊ देऊ नयेत. मोबाइल उभा धरावा, कारण पाहणारा तो उभाच धरतो. आकार कळावा म्हणून वस्तूशेजारी हात, वाटी किंवा चमचा ठेवावा. क्रोशाचा रुमाल ताटाएवढा आहे की बशीएवढा, हे न कळल्याने होणारे तंटे अशाने टळतात.

रंग खुलवण्याच्या सोयींविषयी आमचे मत वर आलेच आहे. अंधारलेले चित्र थोडे उजळ करणे योग्य. पण वस्तूचा रंग बदलणे म्हणजे वजनात मारणे होय. आता यंत्राकरवी संपूर्ण चित्रच रचून घेण्याचीही सोय निघाली आहे. जी वस्तू आपण केली नाही तिचे चित्र आपल्या नावावर दाखवू नये, आणि दुसऱ्याच्या खात्यावरचे चित्र उचलून आपल्या खात्यावर लावू नये.

चलच्चित्र करायचे तर ते १५ ते ३० सेकंदांचे पुरे. पहिल्या दोन-तीन सेकंदांतच मुख्य गोष्ट दिसावी: फिरणारे चाक, उकळणारा गर, सुईतून सुटणारा धागा. लांबलचक प्रस्तावना कोणी ऐकत नाही. गाजलेले चित्रपटगीत मागे लावण्याचा मोह होतो. परंतु गीतांवर मालकी हक्क असतो, आणि व्यावसायिक खात्यांना इन्स्टाग्रामवर मोजकेच संगीत वापरता येते. त्यापेक्षा कढईत उलथने फिरल्याचा खराखुरा आवाज राहू द्यावा.

चित्राखालचे शब्द

चित्र थांबवते, पण मागणी शब्दांनी येते. खाली काय लिहावे? वस्तूचे नाव, वजन किंवा माप, किंमत, टपालखर्च, किती दिवसांत मिळेल, किती दिवस टिकेल. पुष्कळजण किंमत झाकून ठेवतात व “मेसेज करा” असे लिहितात. आमच्या मते हे चुकते. भाव विचारायला संकोचणारे गिऱ्हाईक निमूटपणे निघून जाते. भाषा आपली मराठी किंवा कोकणी असावी, आणि दूरच्या गिऱ्हाइकासाठी दोन ओळी इंग्रजीत जोडाव्यात. शेवटी जे खुणेचे शब्द लावतात, ज्यांना ‘हॅशटॅग’ म्हणतात, ते तीन ते पाच पुरेत. त्यांत मालाचे व गावाचे नाव असावे.

गावाचे नाव का, ते सांगतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते केवळ कोल्हापूरचे नाही. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांचे ते आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या कंपनीने आपल्या प्रदर्शनात तशाच घाटाच्या चपला दाखवल्या. पण त्या कोठल्या, याचा उल्लेख केला नाही. त्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरली, आणि पाहताक्षणी येथील लोकांनी ओळखले की ही तर आमची चप्पल. एवढा गिल्ला झाला की भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये तिने महाराष्ट्र व कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. चित्राबरोबर गावाचे नाव नसले की कारागीर अदृश्य होतो. आणि लोकांना ते नाव ठाऊक असले की तो सात समुद्रांपलीकडूनही ओळखला जातो. म्हणून आपल्या प्रत्येक चित्राखाली आपले गाव लिहावे.

व्यवहार आणि कायदा

खाद्यपदार्थ विकणाऱ्याने, मग तो घरच्या चुलीवर का करीना, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करून घ्यावी लागते. नोंदणीचा १४ आकडी क्रमांक वेष्टनावर छापावा व खात्यावरही द्यावा. अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वास त्याने वाढतो. घरी केलेली वाइन किंवा फेणी अबकारी परवान्यावाचून विकता येत नाही, मग चित्र कितीही सुंदर असो. “या काढ्याने मधुमेह बरा होतो” असले दावे तर मुळीच करू नयेत. अमुक आजार बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा १९५४ पासून आहे, आणि त्या आजारांत मधुमेह येतो.

मागणी आली की त्याच दिवशी उत्तर द्यावे. माल संपला असल्यास तसे सांगावे. बाटली फुटली, डबा उशिरा पोचला, तर सबब न सांगता भरपाई करावी. नाराज गिऱ्हाइकाने चारचौघांत खरमरीत लिहिले तर ते पुसून टाकू नये. त्याच ठिकाणी सौम्यपणे उत्तर द्यावे. इतर शेकडो लोक ते उत्तर वाचतात आणि त्यावरून आपली पारख करतात.

सावधगिरीचे चार शब्द

या बाजारात खिसेकापूही हिंडतात. “पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा व पिन टाका,” असे कोणी म्हटले तर तो ठक समजावा. यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे जमा झाल्याचे चित्र कोणी पाठवले तरी बँकेच्या खात्यात पाहिल्याशिवाय माल धाडू नये. “तुमचे खाते बंद होणार आहे, येथे दाबा,” असल्या निरोपांना भुलू नये. खात्याला दुहेरी कुलूप, म्हणजे पासवर्ड व त्यावर मोबाइलवर येणारा संकेतांक, ठेवावे. तो संकेतांक कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी; जितकी त्वरा, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा अधिक.

पैसे घेऊन दहा हजार ‘फॉलोअर’ मिळवून देणारेही भेटतात. ही माणसे बहुधा खोटी असतात. ती पेराड विकत घेत नाहीत. पैसे देऊन चित्र अधिक लोकांपर्यंत पोचवण्याची रीतसर सोय इन्स्टाग्राममध्येच आहे. पण जे चित्र आपोआप लोकांना आवडले त्यावरच थोडी रक्कम घालून पाहावी, आणि तेही आरंभीचे काही महिने गेल्यानंतर.

एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगतो. मुलांची छायाचित्रे, शाळेचा गणवेश, घराचा नेमका पत्ता, घर बंद ठेवून गावाला गेल्याची बातमी या गोष्टी धंद्याच्या खात्यावर देऊ नयेत. शेजारणीचा हात चित्रात आला तरी तिला आधी विचारावे.

धीर आणि हिशेब

एका रात्रीत लाखो लोकांनी पाहिले, अशा कथा आपण ऐकतो. अशा गोष्टी क्वचित घडतात, आणि घडल्या तरी घरच्या दोन हातांना लाखांची मागणी पुरवता येत नाही. आठवड्याला दोन चित्रे व एक चलच्चित्र एवढा नेम बांधून घ्यावा आणि तो सहा महिने चालवावा. एक वही करावी. तीत प्रत्येक मागणीची तारीख, रक्कम, खर्च, आणि गिऱ्हाइकाला आपला पत्ता कोठून कळला, हे लिहावे. सहा महिन्यांनी ती वही आपल्याला सांगेल की चित्रांनी खरोखर विक्री वाढली, की केवळ कौतुक झाले. कौतुकाने साखरेची उधारी फिटत नाही.

आणखी असे की दुकानाला वेळ असते, तशी मोबाइललाही असावी. जेवणाच्या वेळी व रात्री खाते बंद ठेवावे. किती जणांनी पसंती दिली हे घटकाघटकाला पाहत बसण्याची सवय लागली की कामातले मन उडते, आणि मन उडाले की माल बिघडतो. मग दाखवायला उरते काय?

खानापूरच्या त्या घरी आम्ही मागच्या हिवाळ्यात गेलो होतो. आई चुलीपाशी पेराड ढवळीत होती आणि मुलगी मोबाइल धरून उभी होती. गर भांड्याच्या कडा सोडू लागला तसे मुलीने विचारले, “आई, रंग जरा काळपट दिसतो आहे. थोडा उजळ करू काय?” आईने उलथने न थांबवता खिडकीकडे मान केली आणि म्हणाली, “भांडे तिकडे उजेडात ने. तिथे जो दिसेल तोच त्याचा रंग.”